निजलेली भिवरा आणि येसाक्का

फार वर्षांपूर्वी, सोनधारा गावच्या नदीला जेव्हा पूल नव्हता आणि गावाला डॉक्टर ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नदी चढायची म्हणून घरांचे ओटे छातीएवढे उंच. रांगती पोरं त्यांवरून पडायची, आणि आई पोर उचलून धावायची ती थेट येसाक्काकडे.

येसाक्का गावची सुईण. असं म्हणतात, की निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. पण पडलेलं पोर समोर आलं की ती ना डोकं चोळायची, ना पाला बांधायची. पोराला मांडीवर घेऊन नुसती बघत बसायची. मग विचारायची, “पडल्या पडल्या रडलं का? दूध घेतलं का? ओकलं का?” आणि आईला कुणी बोल लावू लागलं, की त्याला बाहेर घालवायची.

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. तिची पहिली लेक दहा महिन्यांची असताना पाळण्यातून पडली होती. पोर मलूल झाली, तेव्हा सासू म्हणाली, “निजू दे, दमलीय.” येसाक्काच्या मनाला ते पटत नव्हतं, पण नवी सून काय बोलणार? पोर निजली ती उठलीच नाही. त्यानंतर येसाक्काने आयुष्यभर निजलेली पोरं निरखली. असं म्हणतात, नुसता श्वास ऐकून ती सांगायची, ही झोप आहे की दुसरं काही.

एका श्रावणात भर दुपारी रायाजी पाटलांचा नातू ओट्यावरून खाली फरशीवर आपटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. वाड्यात रडारड झाली, पाटलांनी गाडी जुंपायला सांगितली. नदीपलीकडे तीन कोसांवर शहरात मोठा दवाखाना होता.

येसाक्का आली. तिने पोराच्या डोळ्यांत पाहिलं, टाळूवर हलकं बोट टेकवलं, दोन्ही मुठी उघडून पाहिल्या. पोर तिच्या बांगड्या ओढायला लागलं, मग आईला बिलगून दूध प्यायलं.

“पाटील, टेंगूळ मोठं आहे, पण पोर शुद्धीत आहे,” ती म्हणाली. “गार पाण्याची घडी ठेवा. उद्या या वेळेपर्यंत डोळ्याआड मात्र करू नका.”

तेवढ्यात दारात ठकू बुरडीण येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर सात महिन्यांची भिवरा होती. सकाळी ठकू सूप विणत असताना ती तिच्या मांडीवरून दगडावर पडली होती. ना खोक, ना रक्त. सगळे म्हणाले, काही झालं नाही, निजलीय.

“आक्का,” ठकू खालच्या आवाजात म्हणाली, “तीनदा ओकली. आता उठतच नाही. माझी भिवरा अशी निजत नाही.”

येसाक्काने पोर घेतली. तळव्याला टिचकी मारली, तर पोर जरा कण्हली आणि पुन्हा ढिली पडली. कानामागे हात फिरवला, तिथे पिकल्या फळासारखं मऊ लागलं. पापणी उचलली, तर एका डोळ्यातली काळी बाहुली दुसरीपेक्षा मोठी. येसाक्काला आपली लेक आठवली असेल. मग ती भिवराला घेऊन उठली आणि ठकूसह जुंपलेल्या गाडीत जाऊन बसली.

“पाटील, गाडी हिच्यासाठी लागेल.”

“आणि माझ्या नातवाला काही झालं तर?”

“तो ओकला, दूध घेईनासा झाला, उठवून उठला नाही, तर दुसरी गाडी जुंपा. माझी वाट बघू नका. पण हिला आत्ताच न्यायला हवं.”

पाटलांनी गड्याला दुसरी गाडी तयार ठेवायला सांगितलं. मग त्यांनी स्वतः कासरा हातात घेतला.

असं म्हणतात, त्या दिवशी नदी दुथडी भरून वाहत होती, पण गाडी उतरली तसं पाणी बैलांच्या गुडघ्यांपर्यंत ओसरलं. असं म्हणतात, गाडीत काठोकाठ भरलेला तांब्या होता आणि तीन कोसांच्या दगडधोंड्यांत त्यातला एक थेंब सांडला नाही. येसाक्काने भिवराचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं होतं, ते दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं.

डोक्याच्या आत रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं. तिसऱ्या दिवशी भिवरा भुकेने रडली, तेव्हा ठकूही रडली. पाटलांचा नातू तोवर अंगणभर रांगत होता.

“बाई, वरून काही दिसत नसताना तुम्ही ओळखलंत कसं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी खुणा पाहिल्या,” येसाक्का म्हणाली. “पण ओळखलं तिच्या आईने. मी फक्त तिचं ऐकलं.”

येसाक्का जाऊन तीन पिढ्या झाल्या. सोनधारेत आता पूल आहे, रस्ता आहे. तरी आजही पोर पडलं की शेजारची म्हातारी दुसऱ्या दिवसापर्यंत त्या घरी येऊन बसते, आणि आईला एकच विचारते, “तुझं पोर नेहमीसारखं वाटतंय का?” आई ‘नाही’ म्हणाली, की पुढे कुणी वाद घालत नाही. येसाक्काचं नाव घेऊन रस्त्यावरची पहिली गाडी थांबवतात, मग ती कुणाचीही असो. परवाच्या वैशाखात ती नवरदेवाची निघाली. तो बाशिंगासकट खाली उतरला, तान्ह्याच्या आईला आपल्या जागी बसवलं आणि वऱ्हाडाबरोबर चालत मांडवात गेला. मुहूर्त कधीच टळून गेला होता. नवरीकडच्यांनी कारण विचारलं, ऐकलं, आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं.