नसलेल्या झाडाचा वळसा

“मग झाड कुठंय, बाबा?”

केनरिकबाबा गवतात बसून तळपायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“शीव दगडापासून काटेझाडापर्यंत, आणि काटेझाडापासून ओढ्यापर्यंत. सगळं गाव हेच सांगतं. दगड पाहिला. ओढा पाहिला. आता झाड दाखवा.”

बाबांनी समोर बोट केलं.

तिथं नुसतं गवत होतं.

ही गोष्ट इंग्लंडातल्या एका लहानशा गावची. अँग्ल आणि सॅक्सन लोकांचे राजे त्या मुलखात शेकडो वर्षं नांदले. मग समुद्रापलीकडून नॉर्मन आले, लढाई जिंकले, आणि राजा बदलला, सरदार बदलले. त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली होती. गावच्या मठातले केनरिकबाबा जुन्या सॅक्सन घरातले. त्यांचा शिष्य ह्युबर्ट नव्या लोकांतला, नॉर्मन. पोरगा हुशार. अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराची घमेंडही तेवढीच.

सरदाराचा हुकूम आला होता की गावाची शीव कातड्यावर लिहून द्या, उद्या सकाळी स्वार येऊन घेऊन जाईल. शिवेबाहेर जे राहील ते राजाच्या शिकारीच्या रानात जाणार. त्या रानात पाऊल टाकलं तर हातपाय शाबूत राहतील याची खात्री नाही.

शीव झाडापर्यंत जाऊन मग वळली, तर झरा गावात राहत होता. दगडापासून सरळ ओढ्याला गेली, तर झरा रानात.

आणि गावाला पिण्याजोगं पाणी त्या एका झऱ्याचं.

“जे नाही ते मी लिहिणार नाही,” ह्युबर्ट म्हणाला. “खोटं लिहून देवाला काय तोंड दाखवू?”

“नकोच लिहू.”

“झाड गेलं तरी कधी?”

“वीज पडली म्हणतात. माझ्या आज्याच्या आज्यानंही ते बघितलेलं नव्हतं.”

“म्हणजे आज जिवंत आहे अशा एकाही माणसानं बघितलेलं नाही.”

“नाही.”

“आणि झऱ्याची वाट मात्र अजून इथं वाकडी जाते.”

“जाते खरी.”

ह्युबर्ट उठला. पायवाट जिथं वळत होती तिथं तो वळला नाही. गवतातून नाकासमोर चालत गेला, पलीकडं जाऊन फिरला आणि तसाच सरळ परत आला.

“बघा. काही आडवं आलं नाही. डोकंसुद्धा आपटलं नाही.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “डोकं लागणार आहे तुला.”

ह्युबर्टचे कान लाल झाले. त्यानं कातडं मांडीवर पसरलं, बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं… दगडापासून सरळ ओढ्यापर्यंत.

बाबांनी वाकून वाचलं. अक्षर सुरेखच होतं.

“राग मानू नका, बाबा,” ह्युबर्ट जरा मऊ आवाजात म्हणाला. “तुमचे राजे गेले. त्यांचं राज्य गेलं. गेलेल्याला किती दिवस धरून बसायचं?”

“तुझा सरदार न्याय द्यायला कुठं बसतो रे?”

“त्या टेकाडावर. तुमचे राजे बसायचे तिथंच.”

“एवढा दगडी किल्ला बांधलाय. तिथं का बसत नाही?”

“लोक टेकाडावरच जमतात ना. बोलावलं तरी किल्ल्यात येत नाहीत.”

“असं होय…”

बाबा पुन्हा तळपायाकडं वळले. काटा अजून निघाला नव्हता.

एवढ्यात गावाकडून एडवेन आली. कडेवर दोन वर्षांची टेटा, दुसऱ्या हातात लाकडी बादली. पोरीच्या अंगात चार दिवसांचा ताप. ओठ सुकलेले, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. एडवेन जवळजवळ पळतच होती.

वाटेच्या वळणाशी आली आणि पळतापळता वळसा घालून गेली.

“अगं बाई,” ह्युबर्टनं हाक मारली, “एवढी घाई आहे तर सरळ जा की. तिथं काय आहे?”

एडवेननं मागं वळून बघितलं. त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग ह्युबर्टकडं, जसं काही त्याला बरं नसावं.

“काटेझाड आहे ना,” ती म्हणाली.

“कुठंय?”

“आता नाहीये,” ती म्हणाली, आणि निघाली.

ह्युबर्टनं बाबांकडं बघून हात पसरले. बाबा तळपायाकडंच बघत होते.

“त्या मागल्या डबक्याचं पाणी का नेत नाही ही? ते तर घराजवळ आहे.”

“मागल्या उन्हाळ्यात झऱ्याची वाट चिखलानं बंद झाली होती. तेव्हा आठ दिवस डबक्याचं पाणी पाजलं. थोरला मुलगा गेला तिचा.”

ह्युबर्टची नजर मांडीवर गेली. कातड्यावरची शाई वाळत होती.

झऱ्यापाशी एडवेनची तारांबळ दिसत होती. पोरगी खाली ठेवली की रडायची. कडेवर घेतली की बादली भरता येईना.

“जा रे,” बाबा म्हणाले. “लिहून झालंय ना तुझं?”

ह्युबर्ट गेला. आधी त्यानं बादली उचलायला हात घातला, पण एडवेन म्हणाली, “बादली नको, महाराज. तिला घ्या. मी पटका भिजवते आणि आलेच मागनं.”

त्यानं आयुष्यात लेकरू घेतलेलं नव्हतं. टेटाला त्यानं दोन्ही हातांवर घेतलं, भरलेलं ताट धरावं तसं. अंग तव्यासारखं तापलेलं. त्याच्या छातीशी तिनं दोनदा डोकं घासलं… आणि झोपली.

चार दिवसांत पहिल्यांदा झोपली होती. एडवेननं आपल्या तोंडावर हात ठेवला. “हलवू नका हं,” ती कुजबुजली. “सावकाश चला.”

तो चालायला लागला. एकटाच पुढं. नजर पोरीच्या पापण्यांवर. श्वास चालू आहे ना, मान नीट आहे ना, ऊन तोंडावर येतंय का… एवढंच त्याच्या मनात. पाय आपले चालत होते.

बाबांजवळ येऊन तो उभा राहिला.

बाबा त्याच्याकडं बघतच राहिले. ह्युबर्टला वाटलं, पोर धरताना काही चुकलं की काय.

“काय झालं?” त्यानं हळूच विचारलं.

“वळसा कुणाला घातलास?”

ह्युबर्टनं मागं बघितलं.

गवतातून मघाचा त्याचा सरळ माग अजून दिसत होता, चार काड्या मोडलेल्या. आणि त्याच्या शेजारून वळत आलेली पायवाट. तिच्या ओल्या मातीत त्याची स्वतःची पावलं, एकामागं एक, नसलेल्या झाडाला उजवीकडं ठेवून आलेली.



एडवेन आली. तिनं ओला पटका पोरीच्या कपाळावर ठेवला, पोर अलगद काढून घेतली आणि मान लववून गावाकडं गेली.

ह्युबर्ट खाली बसला. कातड्यावरची शाई चाकूनं खरवडून निघते, पण हात जपून चालवावा लागतो, नाहीतर भोक पडतं. एवढ्या देखण्या ओळीतलं एकेक अक्षर त्यानं खरवडून काढलं. त्या जागेवर मग त्यानं लिहिलं… दगडापासून काटेझाडापर्यंत, आणि काटेझाडापासून ओढ्यापर्यंत.

या वेळी अक्षर काही मोत्यासारखं आलं नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “उद्या स्वार येईल. हे वाचेल. झाड दाखव म्हणेल.”

“म्हणेल.”

“मग काय सांगू त्याला?”

बाबांचा काटा निघाला होता. त्यांनी तो उन्हाकडं धरून बघितला आणि गवतात टाकून दिला.

“म्हणावं, घोडा इथं बांध. आणि झऱ्यावरून एडवेनला एक बादली पाणी आणून दे.”