आयलंडमधला मुका एस

मोजणी खात्यातल्या नव्या गोऱ्या साहेबाने नकाशा उघडला. कारकून पास्कू डाबरे शेजारीच उभा होता. दोन वर्षं डोंगरदऱ्या पालथ्या घालून, गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून त्याने त्यातला एकेक शब्द जमवला होता.

साहेबाने खोडरबर उचललं. "मैदान फारसी, किनारा फारसी! उसन्या शब्दांवर जगणारी तुमची भाषा. सगळं मराठी खोडा आणि इंग्रजी घाला."

पास्कू वसईचा, चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना म्हणत वाढलेला. तो नम्रपणे म्हणाला, "खोडतो, साहेब. पण उसनं चालणार नसेल, तर तुमचं माउंटन, व्हॅली, रिव्हर, लेक, प्लेन, यातलं काहीच घालता येणार नाही. सगळं लॅटिनमधून आलंय."

साहेबाचा चेहरा उतरला. "आयलंड तरी आमचंच आहे!"

"अगदी तुमचंच. पण तुमच्याच पंडितांना ते लॅटिन वाटलं, म्हणून त्यांनी मध्ये एक एस घुसवला. तो लिहितात सगळे, उच्चारत कोणी नाही. साहेब, आम्ही घेतलेलं उसनं निदान बोलून दाखवतो. तुम्ही तर न घेतलेलं उसनं फेडत बसलात, तेही मुक्याने!"

साहेब आधी लाल झाला, मग खो खो हसत सुटला. "मग तो एस खोडू म्हणतोस?"

"नको, साहेब. इतकी वर्षं राहिला, आता तो तुमचाच. तसंच मैदान आमचं."

साहेबाने खोडरबर खणात टाकलं, तेव्हा कुठे पास्कूचा जीव भांड्यात पडला.