नीलधारेच्या नावेचे खरे मोल

एका राज्यात नीलधारा नावाची रुंद नदी होती आणि तिच्यावर राजाची एकच नाव चाले. राजा भद्रसेनाने नावेचे भाडे इतके चढवले की पैलतीरीच्या वैद्याकडे निघालेली माणसे घाटावरूनच माघारी वळू लागली. अशीच तापाने फणफणलेली एक म्हातारी त्याने परतवून लावली. ती मायाविनी होती. तिने ओंजळभर पाणी राजावर शिंपडले. राजा उभ्या जागी दगड झाला आणि नाव काठाला अशी चिकटली की हत्तींनाही हलवेना.

"नावेचे खरे मोल जो सांगेल, तोच दोघांना सोडवील," असे म्हणून ती अंतर्धान पावली.

राजकन्या इंदुलेखा गादीवर बसली. पित्याच्या दगडी पायांना मिठी मारून ती म्हणाली, "आजपासून भाडे नाही!" तत्क्षणी नाव सुटली, राजा मात्र दगडच राहिला. लोकांनी गुलाल उधळला. पण हळूहळू फळ्या कुजल्या, दोर विरले आणि उपाशी नावाडी परमुलखात गेले. एके दुपारी नाव भर पात्रात फुटली. माणसे कशीबशी तरली. नाव काठाला लागली, ती पुन्हा चिकटलीच.

राजाच्या खांद्यावर एक खंड्या येऊन बसला. "राणीसाहेब, फुकट हेही खोटेच मोल."

"मग खरे कसे कळावे?"

"नावेला जे लागते, ते स्वतःच्या हाताने करावे."

राणी अरण्यात गेली. जुना साग बोलला, "मला तोड. पण माझ्या जागी रोप लाव आणि ते वाढवणाऱ्याला पोस." तिने तसे केले. मग ती डोंगरातल्या आठ पायांच्या महाकाय कोळिणीकडे गेली. कोळीण म्हणाली, "रोज झिजेल तेवढा दोर रोज वळावा." राणीने बोटे सोलवटेपर्यंत दोर वळला. शेवटी नदीच म्हणाली, "आता वल्हव." डागडुजी केलेली नाव केवळ राणीच्या हाताने हले. तिने हिवाळाभर माणसे पार केली. सांजेला हाताने घास उचलवेना, तेव्हा नावाड्याच्या घरी काय शिजायला हवे ते तिला उमगले.

मायाविनी घाटावर प्रकटली. "सांग मोल."

"नवी फळी, रोजचा दोर आणि नावाड्याच्या घरचे पोटभर जेवण. हे सगळ्या उतारूंत वाटले की येईल तेवढेच भाडे."

"आणि राजवाड्याचा नफा?"

"काही नाही."

"ज्याच्यापाशी दमडी नाही, तो?"

"त्याचे भाडे राजवाडा भरील. माझे औदार्य नावाड्याच्या पोटावर नको."

मायाविनी हसली. दगडाला तडा गेला आणि आतून भद्रसेन श्वास घेत बाहेर आला. लेकीचे सोलवटलेले हात पाहून त्याने मान खाली घातली. मुकुट त्याने मागितला नाही. उतारूंच्या रांगेत एका कुंभारणीमागे तो उभा राहिला आणि पाळी येताच बोटातली रत्नजडित अंगठी त्याने पुढे केली.

परमुलखातून परतलेला नावाडी हात जोडून म्हणाला, "महाराज, हे फार होते."

"दुसरे काही नाही रे माझ्याजवळ."

"मग बसा," इंदुलेखा म्हणाली, "राजवाडा भरील."

नाव सुटली, पैलतीरी लागली. जसे ते सारे सुखरूप पोचले, तसे ऐकणारेही पोचोत.