हा कुत्रा कोणाचा?

एका राज्यात रत्नशेखर नावाचा राजा होता आणि त्याच्या राजधानीत माणसांपेक्षा कुत्र्यांचाच रुबाब मोठा होता. डोंगरावरच्या कृष्णदंष्ट्र जादूगाराने राजाला आणि सरदारांना एकेक पिल्लू दिले होते. देताना एकच अट घातली होती, "पाळा खुशाल, पण कधी नाकारू नका." अट ऐकायला सोपी होती. पण कुत्रा कोणाला चावला, की सरदार मिशीला पीळ देऊन म्हणायचे, "तो आमचा नव्हे!" प्रत्येक नकारासरशी कुत्रा वीतभर वाढायचा.

होता होता कुत्रे बैलांएवढे झाले. राजाचा वज्रदंत तर हत्तीच्या खांद्याला लागला; राजाने किती वेळा हात झटकले असतील, तुम्हीच ताडा. एके सकाळी वज्रदंताने मंजुळा कोष्टिणीचा उजवा हात फोडला. तिचा माग बंद पडला आणि लोकांनी नगर सोडण्यासाठी गाड्या जुंपल्या.

नगराची कोतवालीण होती हंसगौरी. अंगाने काटक, जिभेने तिखट, आणि आपल्या नगराचा तिला भारी अभिमान. ती वेशीत आडवी उभी राहिली.

"मला तीन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कुत्रे आवरले नाहीत, तर तुमच्या गाड्यांना मीच वाट करून देईन."

कोतवालीच्या छपरावर एक नीळकंठ पक्षी बसला होता. तो म्हणाला, "कोतवालीणबाई, कामे तीन आहेत. डोहातल्या नागाची कात आण आणि तिचे गळपट्टे कर. जादूगाराकडून न तुटणाऱ्या साखळ्या आण. आणि मालकांकडून खरे उत्तर आण."

"तिसरे सोपे दिसते."

"दिसते खरे," नीळकंठ म्हणाला.

पहिल्या दिवशी ती डोहात उतरली. नाग कात टाकीतच होता; जरा घाई करा म्हटल्यावर त्याने केली. दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढली. जादूगाराने विचारले, "साखळ्या कशाला? कुत्र्यांना शिक्षा करणार?"

"साखळीला दोन टोके असतात, महाराज. मला दुसऱ्या टोकाशी काम आहे."

जादूगार शंभर वर्षांत पहिल्यांदा हसला आणि त्याने साखळ्या काढून दिल्या.

तिसऱ्या दिवशी चावडीपुढे सारे मालक कुत्र्यांसह जमले; जुंपलेल्या गाड्या घेऊन नगरचे लोकही आले, त्यांत मंजुळाही होती. हंसगौरीने नवा कायदा पुकारला, "गळ्यात पट्टा, पट्ट्यावर मालकाचे नाव, तोंडाला जाळी, साखळी मालकाच्या हाती. कुत्रा चावला, तर जाब मालकाने द्यायचा. पहिला मान महाराजांचा. महाराज, हा कुत्रा कोणाचा?"

राजाने जुंपलेल्या गाड्या पाहिल्या. तो म्हणाला, "आमचा."

पट्टा गळ्यात बसेना. वज्रदंत तसूभरही घटला नाही. सरदारही घाईघाईने "आमचा, आमचा" म्हणू लागले, पण व्यर्थ. सूर्य डोंगराला टेकला. हंसगौरीच्या तोंडचे पाणी पळाले, कारण तिलाही ते उत्तर खरेच वाटले होते.

"आमचा म्हणजे कोणाकोणाचा?" नीळकंठाने विचारले.

तेव्हा तिला उमगले. राजाने जन्मात स्वतःला 'मी' म्हटले नव्हते. पाळण्यापासून त्याला 'आम्ही'च शिकवले होते, आणि त्या शब्दाआड राजवाडा, चाकर, पूर्वज सारेच उभे राहत.

"महाराज," ती म्हणाली, "या 'आम्ही'त मंजुळाही आली. तिचा हात तिनेच फोडला काय?"

दरबारी हादरले. राजा मात्र पालखीतून उतरला, मंजुळेपुढे उभा राहिला. शब्द तोंडाला नवा होता, दोनदा अडखळला.

"हा कुत्रा... माझा. तुझ्या हाताचा जाब मी देईन."

पट्टा आपसूक बसला. वज्रदंत बघता बघता साध्या कुत्र्याएवढा झाला आणि राजाच्या पायाशी बसला. मग सरदारांनीही "माझा" म्हटले. एकाला दोनदा सांगावे लागले. सूर्य मावळण्याआधी शाप सुटला, गाड्यांचे बैल सोडले गेले, आणि हंसगौरी ताठ मानेने चावडीची पायरी उतरली.

मंजुळेचा हात बरा होईपर्यंत तिच्या मागावर राजा स्वतः बसला. कापड वाकडेतिकडे निघाले. भर बाजारात एका गिऱ्हाइकाने ते उलगडून विचारले, "हे कोणी विणले हो?"

"मी," राजा म्हणाला, आणि साऱ्या नगराला आपल्या राजाचा अभिमान वाटला.