कासवाच्या दोन खेपा

नद्या बोलायच्या त्या काळी एकदा पूर आला. वानरी आपल्या जुळ्या, सारख्याच वजनाच्या पिल्लांसह काठावर अडकली. कासव एका खेपेला पाचच शेर नेई आणि पिल्लं तर आईला सोडेनात.

अस्वलाने तिघांना तोललं, नऊ शेर भरले. एक पिल्लू तराजूला घाबरून फांदीवर पळालं, तेव्हा उरलेली दोघं सात भरली.

"तिघांतून ही दोघं वजा केली," अस्वल म्हणालं. "एक पिल्लू उरलं, नऊ शेरांचं."



"अस्वलदादा, दोघांना काढलंत, मग त्यांचे सात शेरही काढा की," कासव म्हणालं.

पिल्लू दोन शेरांचं निघालं, आई पाचांची. वानरीचा जीव भांड्यात पडला.

"बाळांनो, आता एकमेकांना धरा," ती म्हणाली. "मी पुढच्या खेपेला आलेच."