बाहेरची कडी

जंगलात चित्रकथा निघायच्या, त्या काळची गोष्ट. खारूताई जुन्या गोष्टी उलट्या करून पळसाच्या पानांवर काढायची. नव्या चित्रकथेत तर कोल्होबाच खुराड्याचे राखणदार झाले होते, तेही डोक्याला लाल पागोटं बांधून! पिल्लं हसून हसून लोळली.

ठिपकी कोंबडी मात्र हसेना. तिने पान आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्याने. पान चोचीत धरून ती तडक खारूताईकडे गेली.

"गोष्ट उलटी केलीस, ते समजलं. पण खुराड्याची कडी बाहेरून का?"

"अगं, चित्र आहे ते! तुला मेलीला जिथे तिथे संशय."

"कडी तुला सुचली?"

खारूताई जरा अडखळली. "नाही. कोल्होबा म्हणाले, आतली कडी चित्रात दिसायची नाही."

"आमच्या पिल्लांनीही आज हट्टाने आतली कडी काढून तश्शीच बाहेर लावून घेतली."

"लावून दिली कुणी?" खारूताईने हळूच विचारलं.

"मी दाणे टिपायला गेले होते. पिल्लं म्हणतात, राखणदार लाल पागोटं बांधून आला होता."