स्वामींनी तुडवलेली माती

एका गावात एक मठ होता आणि मठामुळे गावाला दर वर्षी एक उत्सव होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी मांडव पडायचा, गाव रांगेत उभं राहायचं, मठातल्या स्वामींचे पाय धुवायचं आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. कोणी काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं.

एका वर्षी म्हातारे स्वामी वारले आणि नवे आले. उत्सवाच्या दिवशी नवे स्वामी गादीवरून उतरले, जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आजवर तुम्ही आमचे पाय धुतलेत. आज मी तुमचे धुणार."

 मांडवात कुजबुज सुरू झाली.

"आपलं काही चुकलं का हो?"

"परीक्षा असणार. आपण नाही म्हणायचं असतं."

"आणि नाही म्हटल्यावर रागावले तर?"

शेवटी असं ठरलं की स्वामींची इच्छा मोडता येत नाही. पण मळके पायही त्यांच्या हातात देता येत नाहीत. तेव्हा सगळं गाव घरी गेलं, दगडानं टाचा घासून, पाय स्वच्छ धुऊन परत आलं. पाटलीणबाई तर जोडवी चिंचेनं उजळून आल्या. स्वामी दुपारपर्यंत धुतलेले पाय धूत बसले.

मग नवीनच प्रश्न निघाला. घंगाळात साठलेल्या पाण्याचं काय करायचं?

"स्वामींचा हात लागलाय. तीर्थच ते," पुजारी म्हणाले.

"पण पाय आमच्या मामंजींचे होते," एक सून हळूच म्हणाली.

पुजाऱ्यांनी विचार केला आणि घंगाळावर झाकण ठेवून ते कोपऱ्यात सरकवलं. ते पिण्याची कोणाची हिंमत नव्हती, आणि ओतण्याचीही.

रांगेत सगळ्यात शेवटी कुंभारीण होती. ती घरी गेलीच नव्हती. चिखलातून निघाली ती लंगडत थेट मांडवात आली होती, गुडघ्यापर्यंत माती घेऊन.

"अगं, निदान पाय तरी धुऊन यायचंस!" पाटलीणबाई म्हणाल्या.

"का? धुणारच आहेत ना?" कुंभारीण म्हणाली.

स्वामींनी तिचा पाय हातात घेतला. माती गेली तशी टाच दिसली. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता आणि भोवती सगळं सुजलं होतं. स्वामींनी सुई मागवली, काटा काढला, हळद भरली, फडकं बांधलं. म्हणाले, "आठ दिवस हा पाय टेकायचा नाही."

कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग माती कोण तुडवील, महाराज? नवऱ्याचे गुडघे गेलेत. तो चाकाशी बसून घडवतो, तुडवते मी. वीस दिवसांत मडकी भाजून निघाली नाहीत तर उन्हाळा हातचा जातो, आणि आमचं वर्ष त्या उन्हाळ्यावर चालतं."

"मी येतो," स्वामी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी खरंच आले. भगवी छाटी गुडघ्यावर खोचली आणि मातीच्या खड्ड्यात उतरले. मागोमाग गाव आलं. आता इथे कसं वागायचं, हे काही कोणाला पाठ नव्हतं. स्वामी खड्ड्यात खाली आणि आपण काठावर वर, हे बरं दिसेना. म्हणून मंडळी आधी बसली, मग तेही उंच वाटलं म्हणून काही जण आडवे झाले. कोणी हार आणला होता, तो कुठे घालावा हे न कळून चाकाला घातला.

स्वामी डोळे मिटून नाम घेत तुडवत राहिले. तेवढ्यात एकानं चिमूटभर चिखल उचलून कपाळाला लावला.

एवढं पुरलं. दुसऱ्यानं मूठ घेतली. तिसरीनं वाटी आणली. पाटलीणबाईंनी तांब्या भरला.

"अहो, त्यात राख आहे, घोड्याची लीद आहे!" कुंभारीण खाटेवरून ओरडली.

"असू दे गं. स्वामींचा पाय लागलाय."

तीन दिवस हे चाललं. स्वामी आदल्या दिवसापेक्षा अधिक मनापासून तुडवायचे आणि गाव अधिक मोठी भांडी आणायचं. देव्हाऱ्यादेव्हाऱ्यांत लीद घातलेल्या मातीला फुलं वाहिली गेली. तिसऱ्या संध्याकाळी खड्ड्याचा तळ दिसला.

कुंभारीण काठी टेकत मठात गेली. "महाराज, रागावू नका. पण उद्या येऊ नका."

मठाचे कारभारी तिच्यावर धावून आले. "कोणाशी बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय, म्हणून तर आले. महाराजांचा पाय लागला की माझ्या मातीचा देव होतो. देवाची मडकी होत नाहीत."

स्वामी गोंधळले. "मी तर मदत करायला आलो होतो, बाई."

"केलीत की. काटा काढलात, पाय बरा होतोय. मातीचं तेवढं बघा."

"सगळ्यांना सांगतो, माती परत आणून द्या."

"मग प्रसाद परत केला तर पाप लागतं का, यावर आठ दिवस सभा होईल. माझ्याकडे सतराच उरलेत."

ती गेल्यावर स्वामी आपल्या पायांकडे बघत बसले. तीन दिवसांत त्यांना चिखल आवडायला लागला होता. आणि खरं सांगायचं तर, गाव बघतंय हेही थोडं आवडलं होतं. उद्या न जाणं सोपं नव्हतं. आणि नुसतं न जाऊन भागणारही नव्हतं, कारण उद्या गाव त्यांच्याआधीच खड्ड्यावर पोचलं असतं.

सकाळी मठातून दवंडी फिरली. स्वामी बारा दिवस उंच गादीवर बसणार. ज्यांना पाय धुवायचे असतील त्यांनी यावं, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत.

सगळं गाव सुटकेचा निःश्वास टाकून मठात लोटलं. हे त्यांना येत होतं. ताम्हनं निघाली, तीर्थाला वाट्या निघाल्या. आणि मठाच्या गोठ्यातले दोन गडी कुंभारवाड्याकडे गेले. एक तळ्यातला गाळ पाट्या भरून आणायचा, दुसरा तुडवायचा. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, त्यांच्या पायाखालची चिमूटही कोणी उचलली नाही.

मठात रांग बोलत होती.

"फिटली वाटतं हौस तीन दिवसांत!"

"पाय कसे पुढे केलेत बघा. जुन्या स्वामींना असा डौल नव्हता."

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हे सगळं दाखवायला आहे."

गादी काही फार लांब नव्हती. स्वामींना सगळं ऐकू येत होतं. एकदा त्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं. पण खुलासा केला असता तर ती रांग तिथूनच उठून कुंभारवाड्याकडे वळली असती. त्यांनी तोंड मिटलं आणि दुसरा पाय पुढे केला.

नवव्या दिवशी कुंभारीण स्वतः खड्ड्यात उतरली. विसाव्या दिवशी भट्टी उघडली. माठ लालबुंद निघाले, एकही तडकला नाही.

पाटलीणबाई माठ घ्यायला आल्या. बोटाच्या पेरानं वाजवून बघत म्हणाल्या, "ऐकलंस का गं? स्वामी फार चढलेत म्हणे. तुझं काम तर अर्ध्यावर टाकून गेले."

कुंभारणीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं गेले."

"तेच म्हणते मी!" पाटलीणबाई म्हणाल्या, आणि कुंभारीणही स्वामींवर चिडली आहे ही बातमी घेऊन घरोघर गेल्या.

मग कुंभारणीनं सगळ्यात चांगला माठ निवडला, गोठ्यातल्या गड्याच्या डोक्यावर दिला आणि मठाच्या मागच्या दारानं आत पाठवला.

तात्पर्य: आपण दिसण्यानं ज्याचं काम अडतं, त्याची खरी सेवा आपण बाजूला होण्यात असते. मग लोक नावं ठेवतील. ती ठेवू द्यावीत.